बेटाच्या दोन बाजू

बोम्बोले, न्गिरी नदी
१२ फेब्रुवारी १९६१

बोकुला,

हे पत्र बोनिफास मास्तर लिहितायत. मी बोलते, ते लिहितात. सुरुवातीला त्यांनी ‘प्रिय बंधू, तू कुशल असशील’ असं लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, तो कुशल आहे की नाही ते त्याला माहीत. पुढे चला.

पाणी उतरलं. माती काढायला सुरुवात झाली. सगळे कालव्यात कमरेपर्यंत उभे राहून तळाचा चिखल उपसतायत, होडक्यात भरतायत आणि आपापल्या बाजूवर नेऊन टाकतायत. गेल्या वर्षी टाकलेली माती होती तशी राहिलेली नाही. थोडी पावसाने नेली, थोडी पायांनी, बाकीची आपल्याच वजनाने खाली बसली. नेहमीसारखंच.

या वर्षी मी तुझी बाजू उचलणार नाही.

तू गेल्यापासून दोन्ही बाजूंना मीच माती घालते आहे. आता उजवा हात कानाच्या वर जात नाही. मी डाव्या हाताने केस विंचरते. इलोन्गोची बायको हसते. म्हणते, एयेंगा, तुझा भांग चुलतभावाच्या घरापर्यंत गेला. आपला चुलतभाऊ असून इलोन्गो तिला हसू नकोस म्हणत नाही, तोही हसतो. हसू देत. पण दोन बाजू आता होत नाहीत.

रीत तुला माहीत आहे. ज्या बाजूवर माती पडायची थांबते ती बाजू हळूहळू बेटाची होते. मग तिथे कुणीही घर बांधतं, आणि ज्याची होती तो पाहुणा होतो. शिवाय तुझ्या बाजूला आई आहे. ती तुझ्या घरात गेली म्हणून तुझ्या अंगणात पुरली. मी तेव्हाच म्हटलं होतं, माझ्याकडे ठेवा. माझं कुणी ऐकलं नाही. मुलाची आई मुलाकडेच, म्हणाले. मुलगा कुठे होता ते कुणी विचारलं नाही.

तू ये. एक उतारभर ये, पाणी चढेपर्यंत. दोन हात आण, बाकी काही नको. जमलं तर एक दगड आण. इथे विळा घासायला दगड मिळत नाही, हे तुझ्या बायकोला खोटं वाटतं. तिला सांग, खरंच मिळत नाही. चूलसुद्धा आम्ही मातीच्या ढेकळांची मांडतो.

मास्तर विचारतायत, शेवटी प्रेम लिहू का. लिहा.

तुझी थोरली बहीण, तुझी याया, एयेंगा


लेओपोल्डविल
९ एप्रिल १९६१

याया,

पत्र मिळालं. मासे विकायला आलेल्या मान्गोम्बेने सुकी मासळीही पोचवली. वाटेत त्याने तिच्यावर हात मारला असावा. टोपली फारच हलकी होती.

रजा मिळाली नाही. आमच्या खात्यातले गोरे साहेब गेल्या वर्षी एकेक करून निघून गेले. किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. कुठल्या कुलपाची कुठली ते सांगितलं नाही. आता खुणांच्या बोटीवर मी आहे, एक यंत्रवाला आहे आणि मापाची काठी धरणारे आहेत. नदी मात्र पूर्वीइतकीच लांब आहे.

तुला माझं काम कधी नीट सांगितलं नाही. बोलोबोच्या वर नदी इतकी पसरते की पलीकडचा काठ हा काठ आहे की बेट, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. खाली वाळू असते आणि ती हलत राहते. गेल्या आठवड्यात जिथून बोट गेली तिथे आज काठी गुडघाभर बुडते. मग आम्ही तरंगत्या खुणा उचलतो, पाण्याची नवी वाट शोधतो, खुणा पुन्हा टाकतो. परत येईपर्यंत वाळू पुन्हा हललेली असते. तू माती टाकतेस ती बसते. मी खुणा टाकतो त्या चुकीच्या ठरतात. बाबांनी आपल्याला दुसरं काही शिकवलं नाही.

जुलैत नदी पुन्हा थोडी उतरते. तेव्हा रजा मागितली आहे. तोवर कुणाला तरी माझ्या बाजूच्या कामाला लाव, त्याला काय द्यायचं ते मी मान्गोम्बेकडे देईन.

नाहीतर तूच इकडे ये. मार्सेलीनही म्हणते, यायाला बोलवा. इथे जमीन आपोआप जागेवर राहते. कुणी तिला दरवर्षी उचलत नाही.

दगडाचं लक्षात आहे.

बोकुला


बोम्बोले
२० ऑगस्ट १९६१

बोकुला,

जुलै झाला. पाणी उतरलं तितकं उतरलं, आता पुन्हा चढायला लागलंय. तू आला नाहीस. मी म्हटलं रजा मिळाली नसेल. साहेब नाहीत, किल्ल्या लागत नाहीत, मिळणार कशी.

मग मान्गोम्बे मासे विकून परत आला. मी विचारलं, बोकुला भेटला का? म्हणाला, भेटला, घरी होता, भिंत बांधत होता. मी म्हटलं, मातीची? म्हणाला, नाही गं, सिमेंटची. नदीच्या बाजूने. चांगली छातीइतकी उंच.

इलोन्गोची बायको तिथेच होती, ती बोलली. म्हणाली, बरंय की, आपल्याच माणसाने कुठे का होईना काहीतरी उचललं.

मास्तर म्हणतात हे लिहायला नको. मी म्हटलं, लिहा. वाटल्यास तुमचं नाव लावू नका.

कामाला माणूस लाव म्हणतोस. दुसऱ्याच्या बाजूवर माती टाकायला इथे कोण येईल? ज्याच्या पाठीवर माती त्याची जागा, हे तू विसरलास का? उद्या तो म्हणेल, माती माझी, जागा माझी, आणि बेट त्याचंच ऐकेल. रक्ताच्या माणसाची माती तेवढी चालते. म्हणून तर मी अडकले.

आणि तिकडे येऊन मी काय करू? तुझ्या भिंतीला टेकून बसू?

माझं बरं आहे. मासे आहेत. कसाव्याच्या पिठाचा क्वांगा बांधायला पानं पुष्कळ आहेत. खांदा आहे तसाच आहे.

एयेंगा


लेओपोल्डविल
१७ सप्टेंबर १९६१

याया,

मान्गोम्बे खोटं बोलला नाही. भिंत बांधली. रजाही मिळाली होती.

पिशवी घेऊन बंदरावर गेलो होतो. बोट उभी होती. वर ओळखीची माणसं होती, त्यांनी हाक मारली. मी चढलो नाही. का, ते सांगता येत नाही. वर्षभर पाण्यावर असतो. रजेतही पाण्यावरूनच जायचं आणि पोचून पाण्यातच उभं राहायचं, असं वाटलं आणि पाय उचलला नाही. घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी भिंत सुरू केली. आमची वस्ती सखल आहे, कधीतरी बांधायचीच होती.

दगड घेतला होता. शहराच्या खाली नदी खडकांतून कोसळत जाते, तिथला. तो दाराशी पडला आहे. रोज त्याला ठेच लागते.

इथला पाऊस लवकर सुरू झाला. वरच्या ठाण्यांवरून पाण्याची उंची तारेने यायची. आता बरीच ठाणी गप्प आहेत. कुठे माणूस नाही, कुठे तार नाही. खाली बसून वर काय चाललंय याचा अंदाज करायचा. पाय सुजला म्हणून डोक्यात काय बिघडलंय ते सांगण्यासारखं आहे हे.

पण काळजीचं कारण नाही. आपली नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. उत्तरेचा पाऊस थांबतो तेव्हा दक्षिणेचा सुरू होतो. आधी उत्तरेची उबांगी आपलं पाणी घेऊन येते, ती सरली की दक्षिणेच्या नद्या येतात. त्यांची पाळी ठरलेली असते. म्हणून ही नदी कधी आटत नाही आणि कधी अंगावरही येत नाही. जगात इतक्या मोठ्या नद्यांत अशी शांत दुसरी नसेल, असं आमचे साहेब म्हणायचे. या वर्षीही पाळी पाळली जाईल.

माझी बाजू जाऊ दे. मी ती धरून ठेवावी असं मी काही केलेलं नाही. आईला तुझ्याकडे हलवता आलं तर हलव. तुझ्या बाजूवर सगळी माती घाल आणि थोडी विश्रांती घे.

बोकुला


बोम्बोले
५ नोव्हेंबर १९६१

बोकुला,

आईला हलव म्हणतोस. मेलेल्यांना हलवत नाहीत. जिवंतच हलत नाहीत, तुझं उदाहरण समोर आहे.

जाऊ दे. भांडायला आता दम नाही. तुला एक विचारायचं आहे, ते तुझ्या कामाचं आहे.

पाणी उलटं चाललंय. निळ्या फुलांची जलपर्णी दरवर्षी खाली, मोठ्या नदीकडे जाते. या आठवड्यात तिचे तांडेच्या तांडे वर येतायत. इलोन्गोने एकावर काठी रोवून पाहिली. सकाळी काठी त्याच्या दारासमोर होती, जेवायच्या वेळी शाळेपाशी. शाळा वरच्या अंगाला आहे. असं का होतं ते लिही.

मासे फार आहेत, पण जाळ्यात नाहीत, झाडांत आहेत. जंगलात शिरलेत. साप बेटावर राहायला आलेत. इलोन्गो म्हणतो, यांनाही सांगा, राहायचं तर माती आणा.

घाबरलेलं कुणी नाही. बाबांचा खांब तुला आठवत असेल, तुझ्या आणि माझ्या बाजूच्या मधे, पाण्याच्या कडेला रोवलेला. त्याच्यावर सगळ्यात वरची खाच आजोबांच्या वेळच्या पुराची. तेवढं पाणी पुन्हा कुणी पाहिलं नाही. त्या खाचेच्या हातभर वर माती चढवायची असं बाबांनी घालून दिलं, आणि सगळं बेट आजही तसंच करतं. यंदाही केलंय. पाणी अजून मधल्या खाचांशी आहे. आजोबांचं पाणी आलं तरी आपल्याला हातभर कोरडी जागा राहील.

घाबरलेत ते मास्तर. ते मूळचे टेकडीवरचे. पाण्याकडे बघत लिहितात आणि ओळ वाकडी जाते. त्यांची ओळ कुठे चाललीय बघ.

मास्तर विचारतायत, दोन्ही बाजूंचं कळवू का. मी म्हटलं नको. त्याला भिंत आहे.

एयेंगा


लेओपोल्डविल
३ डिसेंबर १९६१

याया,

हे पत्र मिळताच पाद्र्यांच्या मिशनच्या उंच जागेवर जा. पूर्ण वाचायला थांबू नका. मास्तर, तिला उठवा आणि होडक्यात बसवा, उरलेलं वाटेत वाचा.

तुझं पत्र काल मिळालं. खांबाचं वाचलं आणि पुन्हा वाचलं. आज सकाळी आमच्या पट्टीपाशी गेलो. पाण्याची उंची मोजायची आमची पट्टी खडकाला ठोकलेली आहे. खडक बसत नाही. म्हणून आज लिहिलेली उंची आणि वीस वर्षांपूर्वीची उंची एकमेकींशेजारी ठेवता येते.

बाबांचा खांब मातीत आहे. बेट बसतं. आपण सगळे ते रोज बघतो, म्हणूनच तर दरवर्षी माती घालतो. मग खांब कसा बसणार नाही? बेट बसतं, त्याबरोबर खांब बसतो, खांबाबरोबर खाच बसते. आजोबांचं पाणी जिथे होतं तिथे ती खाच आता नाही. ती कितीतरी खाली आली आहे, आणि आपण तिच्या हातभर वर माती घालून खूश आहोत. आजोबांचं पाणी आज आलं तर बेटावरून जाईल. किती वरून, ते मला सांगता येत नाही. तिथे खडक असता तर सांगता आलं असतं.

लहानपणी त्या खांबाला पाठ लावून मी माझी उंची मोजायचो. दरवर्षी वाटायचं, मी फार भराभर वाढतोय.

उलट्या पाण्याचं विचारलंस. या वर्षी कुणी पाळी पाळली नाही. उबांगी उतरायच्या आत दक्षिण आली. पूर्वेकडेही फार पाऊस झाला म्हणतात. मोठी नदी इतकी भरली आहे की न्गिरीला बाहेर पडायला जागा नाही. ती वाहत नाहीये, थोपलीय. मोठं पाणीच तिच्यात मागे शिरतंय. सप्टेंबरात मी लिहिलं ते चुकीचं होतं.

इथे बंदराच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पट्टी जिथे संपते त्याच्या वर आम्ही खडूने खुणा करतोय.

आईचं सोड. माझी बाजू सोड. तुझीही सोड.

बोकुला


लेओपोल्डविल
२१ जानेवारी १९६२

याया,

उत्तर नाही. तुमच्या बाजूने बोटी येत नाहीत, त्यामुळे उत्तर नसणं म्हणजे काय ते कळत नाही.

इथलं पाणी उतरतंय. भिंत उभी आहे. तिला तडाही गेला नाही. पाणी तिच्यावरून आलं नाही, फोडूनही आलं नाही. घरातल्या जमिनीतून वर आलं. सकाळी उठलो तेव्हा पलंगाखाली चपला फिरत होत्या. मग भिंतीने ते पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. शेजारच्या घरांतलं उतरलं तरी आमच्याकडे होतंच. शेवटी मीच हातोडा घेऊन तिला भोक पाडलं. मार्सेलीन बघत होती. म्हणाली, तुमच्या बहिणीला हे कळवा, तिला बरं वाटेल. म्हणून कळवतोय.

सध्या आम्ही टेकडीवर तिच्या भावाकडे राहतो. तो चांगला आहे. रोज विचारतो, घर सुकलं का?

नदीवर आमची एकही खूण राहिली नाही. वाळू सगळी नव्याने मांडली गेली आहे. खुणा परत लागेपर्यंत मोठ्या बोटी वर जाणार नाहीत. उद्या आमची बोट निघते आहे. काठी टाकत, वाट शोधत, खुणा लावत वर यायचं. म्हणजे मी तुझ्याकडेच येतो आहे, पण फार सावकाश. उबांगीच्या तोंडाशी पोचलो की रजा घेईन. या वेळी पिशवी बोटीवरच आहे. दगडही.

तू आहेस का, तेवढं कळव. इलोन्गो, मान्गोम्बे, कुणाकरवीही. त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक होडक्याला मी विचारणार आहे. एक ओळ पुरे. मास्तरांनी ‘कुशल’ लिहिलं तरी चालेल.

बोकुला


बोम्बोले
४ मार्च १९६२

बोकुला,

मास्तर म्हणतात, तू कुशल लिहायला सांगितलंयस. लिहा मास्तर. कुशल आहे.

तुझी दोन्ही पत्रं एकदमच आली, मान्गोम्बेच्या हातून. खांबाचंही. मास्तरांनी ते वाचलं आणि उठून मला होडक्यात बसवायला निघाले. मी म्हटलं, बसा, पाणी गेलं.

तू म्हणतोस तसंच झालं. आजोबांचं पाणी आलं. खाचेपर्यंत चढलं तेव्हा बेटावर सगळे म्हणाले, झालं, आता थांबेल. थांबलं नाही. खाच बुडली. मग सगळे तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले. खांब बसतो हे बाबांना माहीत होतं की नव्हतं, आता कुणाला विचारणार. कदाचित माहीत असेल, आणि सांगून काय होणार म्हणून सांगितलं नसेल.

इलोन्गोची बाजू गेली. वरच्या अंगाची घरं गेली, शाळा गेली. मग माझी. मिशनकडे जायचं म्हटलं तर मधलं पाणी जलपर्णीने भरलेलं. होडकं पुढेही जाईना, मागेही. तेव्हा सगळं बेट तुझ्या बाजूला आलं. माणसं, शेळ्या, कोंबड्या, साप. मास्तर फळा डोक्यावर धरून आले. तुझी बाजू बुडाली नाही.

आता विचारशील, का बुडाली नाही. मी उचलणार नाही म्हणाले होते. खरंच उचलणार नव्हते. माझी माती माझ्याकडे न्यायची, तुझ्याकडे काही नाही, असं ठरवून कालव्यात उतरले. पण माती काढायची जागा तुझ्या बाजूला लागून आहे हे तुला आठवतं का? माझ्याकडे न्यायची तर होडकं भरा, वळसा घाला, पुन्हा उतरवा. खांदा दुखायचा. पहिल्या दिवशी एक खेप तुझ्याकडेच टाकली, म्हटलं उद्या नेऊ माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तेच. सगळा उतार तसाच गेला. माझ्या वाटणीचीही माती तुझ्याकडेच पडली. लांब न्यायचा कंटाळा आला, एवढंच. दुसरं काही त्यात शोधू नकोस. मास्तरांना माहीत होतं, ते मला प्रत्येक पत्रात लिहू का, लिहू का करायचे.

बरेच दिवस आम्ही तिथे होतो. निजायला जागा पुरायची नाही. आईच्या वरही माणसं झोपत होती. इलोन्गोच्या सुनेला तिथेच मूल झालं. मुलगी आहे. आईला माणसं आवडायची, आरडाओरडही आवडायची. मला वाटतं तिने काही मनावर घेतलं नसेल.

इलोन्गोची बायको आता सगळ्यांना सांगते, बोकुलाने आपली बाजू राखली म्हणून आम्ही वाचलो. चुलतदीर असावा तर असा, म्हणते. मी ते खोडून काढत नाही.

पाणी गेलं तेव्हा माझी बाजू त्याच्याबरोबर गेली. सगळी नाही. कड ढासळून कालव्यात बसली, मधलं खचलं. आता उतार आहे तरी तिथे कंबरभर पाणी आहे. ते भरून काढणं माझ्याने व्हायचं नाही. बेटाचीही बैठक झाली. ती जागा आता होडकी लावायला घ्यायची असं ठरलं. चांगली आडोशाची जागा आहे, लाट लागत नाही. मी हो म्हटलं.

मी तुझ्या बाजूला राहते. तुझ्या परवानगीची वाट बघितली नाही. आईची चूल होती तिथेच माझी चूल मांडली. रीतीने मी आता तुझी पाहुणी आहे. पाहुणीला माती घालावी लागत नाही, हे मी इलोन्गोला सांगून ठेवलंय. माती घालायचं काम मालकाचं.

तुझ्या भिंतीचं वाचून बरं वाटलं नाही. मार्सेलीनला सांग. तिला घेऊन ये. घरात जागा आहे.

खडक हवा म्हणतोस. आणलेला दगड तेवढा घेऊन ये. त्याने पाणी मोजता येणार नाही, विळा तर घासता येईल.

आता वाट सांगते, नीट वाच. तू मोठ्या नदीच्या खुणा लावतोस, इथली वाट तुला सापडायची नाही. न्गिरीचं जुनं तोंड जलपर्णीने बुजलंय, त्यात शिरू नकोस. त्याच्या पुढे जा. जळका तेलताड लागेल, त्याच्या उजवीकडून आत ये. पाणी काळं असेल तिकडून, पिवळं असेल तिकडून नाही. या वाटेने तू वरच्या अंगाने येशील, म्हणून आधी शाळेचे चार खांब पाण्यात उभे दिसतील, ते मागे टाक. मग आपलं बेट. माणसं दिसतील, हाका मारतील, तू घाई करू नकोस. माझ्या दाराच्या चौकटीच्या दोन बाह्या अजून उभ्या आहेत. त्यांच्या मधून होडकं आत घे. डावीकडे माझी चूल होती, तिथे ढेकळं आहेत, होडकं घासेल, म्हणून उजव्या अंगाने चाल. समोर बाबांचा खांब आहे.

त्याला बांध.

एयेंगा